भरपाईचा वेळ आणि लेखनिक : दिव्यांग विद्यार्थ्यांच्या परीक्षेसंबंधी

ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये नेवासे येथे गीतेवरील आपली टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, हे सर्वांस ठाऊक आहे. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणाऱ्यांत संताजी जगनाडे यांचे नाव आदराने घेतले जाते. त्याहीमागे जावयाचे तर महाभारताच्या प्रसिद्ध आख्यायिकेत व्यासांनी सांगावे व गणपतीने लिहावे, असा करार झालेला आढळतो. या ग्रंथांचे कर्तृत्व सांगणाऱ्याचे की लिहिणाऱ्याचे, असा प्रश्न आजवर कोणाही शहाण्या माणसाने उपस्थित केलेला नाही. परंतु शालान्त परीक्षेच्या वर्गात एखादा अंध मुलगा उत्तर सांगत आहे आणि शेजारी बसलेली दुसरी मुलगी ते उतरवून घेत आहे, असे दृश्य दिसले की, ‘पेपर नक्की कोणी सोडविला?’ अशी कुजबुज सुरू होते. ही कुजबुज केवळ गावकऱ्यांत असते असे नव्हे. ती शिक्षकांच्या खोलीतही ऐकू येते आणि कधी कधी सरकारी कार्यालयातही.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक खात्याच्या प्रचारकार्यानिमित्त गोव्यातील एका आडबाजूच्या गावी गेला होता. पंचायत घरातील सभा आटोपल्यावर एक बाई मुलाला घेऊन पुढे आल्या. मुलगा दहावीत होता. त्याला जन्मापासून मेंदूचा पक्षाघात, ज्याला डॉक्टर मंडळी सेरेब्रल पाल्सी म्हणतात, तो होता. बोटे आखडलेली, पेन धरता येई, परंतु एक ओळ लिहावयास इतरांना चार ओळी लिहिण्याइतका वेळ लागे. मुलाला इतिहासाची गोडी होती. पोर्तुगीज राजवटीविषयी दोन प्रश्न सहज विचारले, तर त्याने थांबत थांबत, पण अगदी नेमकी उत्तरे दिली. सराव परीक्षेत मात्र त्याला इतिहासात उत्तीर्ण होण्याइतकेही गुण मिळाले नव्हते, कारण तीन तासांत निम्माच पेपर लिहून झाला होता. ‘साहेब, याला थोडा वेळ जास्त मिळाला असता तर?’ एवढेच त्या बाईंनी विचारले. चौकशी केली तेव्हा कळले की, अशा विद्यार्थ्यांसाठीचे परिपत्रक शाळेत वेळेवर आले होते, त्यावर आवक क्रमांक पडला होता आणि ते फाईलमध्ये व्यवस्थित लावलेही गेले होते. ते वाचून कोणत्या विद्यार्थ्याला लागू पडते, हे पाहण्याचे तेवढे राहून गेले होते. अर्जाची मुदत टळून गेली होती.

त्या प्रसंगानंतर या विषयावर आपल्या पत्रिकेत काही सविस्तर लिहावे, असे मनात होते.

प्रथम कायदा पाहू. अपंग व्यक्तींसंबंधीचा पहिला व्यापक केंद्रीय अधिनियम १९९५ चा. तो ७ फेब्रुवारी १९९६ पासून अमलात आला. त्यात अंधत्व, अल्पदृष्टी, कुष्ठरोगमुक्तता, श्रवणदोष, अस्थिव्यंग, मतिमंदत्व आणि मानसिक आजार असे सातच प्रकार गणले होते. त्याच्या जागी दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. त्याच्या अनुसूचीत प्रकारांची संख्या २१ झाली. विशिष्ट अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, थॅलसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल यांसारख्या, बाहेरून पाहणाऱ्यास सहसा न दिसणाऱ्या अवस्थाही त्यात आल्या. या अधिनियमाच्या १७ व्या कलमात, दिव्यांग विद्यार्थ्यांच्या गरजेनुसार अभ्यासक्रमात व परीक्षापद्धतीत योग्य ते बदल करण्याची जबाबदारी शासन व स्थानिक प्राधिकरणांवर टाकली आहे, आणि त्या बदलांची उदाहरणेही तेथेच दिली आहेत : उत्तरपत्रिका पूर्ण करण्यास अधिक वेळ, लेखनिकाची सोय, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट. म्हणजे ही कोणा मुख्याध्यापकाची मेहेरबानी नव्हे, की मंडळाची दयाही नव्हे. विधिमान्य हक्क आहे.

परीक्षा प्रत्यक्षात कशा घ्याव्यात, याविषयी केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने २६ फेब्रुवारी २०१३ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या व २९ ऑगस्ट २०१८ रोजी लक्षणीय दिव्यांगत्व, म्हणजे ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व, असलेल्यांसाठी त्या सुधारून दिल्या. या सूचनांतील एका बारकाव्याकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. पूर्वी ‘जादा वेळ’ असा शब्द वापरात होता. तो सोडून ‘भरपाईचा वेळ’ या अर्थाचा शब्द वापरावा, असे त्यात मुद्दाम सांगितले आहे. कार्यालयात शब्दांवरून चालणारा खल या लेखकाच्या चांगल्याच परिचयाचा आहे आणि पुष्कळदा तो निष्फळ असतो. येथे मात्र शब्द बदलल्याने अर्थ उजळला आहे. जादा म्हणजे इतरांपेक्षा अधिक. भरपाई म्हणजे जे आधीच उणे झाले आहे ते भरून देणे.

उणे कसे होते, हे ब्रेलच्या उदाहरणावरून समजेल. ब्रेलमध्ये सहा टिंबांची एक चौकट असते आणि टिंबांच्या ६३ निरनिराळ्या मांडण्यांतून सर्व अक्षरे, अंक व चिन्हे साधावी लागतात. भारतीय भाषांसाठी ‘भारती ब्रेल’ ही एकच पद्धती १९५१ मध्ये स्वीकारली गेली. डोळस माणूस एका नजरेत अख्खी ओळ टिपतो. ब्रेल वाचणाऱ्याचे बोट एका वेळी एकच चौकट चाचपते. पाटी व सुई घेऊन ब्रेल लिहावयाचे तर कागदाच्या मागील बाजूस उजवीकडून डावीकडे टोचत जावे लागते, आणि लिहिलेले वाचून पाहावयाचे झाल्यास कागद काढून उलटा करावा लागतो. एक चूक दुरुस्त करण्यास किती वेळ जात असेल, याचा अंदाज करून पाहावा. अल्पदृष्टीच्या विद्यार्थ्याला नकाशातील बारीक अक्षरे भिंगाखाली एकेक करून जुळवावी लागतात. लेखनिक मिळालेल्या विद्यार्थ्यालाही प्रश्न ऐकणे, मनात ठेवणे, उत्तर सांगणे, लिहिलेले पुन्हा ऐकणे, असा चौपट उद्योग असतो.

म्हणून २०१८ च्या सूचनांनी प्रत्येक तासामागे किमान २० मिनिटे भरपाईचा वेळ ठरविला. तीन तासांच्या पेपरास ६० मिनिटे, अडीच तासांच्या पेपरास ५० मिनिटे, दोन तासांच्या पेपरास ४० मिनिटे. परीक्षा एका तासाहून लहान असेल तर त्याच प्रमाणात, परंतु पाच मिनिटांहून कमी नाही आणि पाचाच्या पटीत. हा वेळ लेखनिक न घेणाऱ्या पात्र विद्यार्थ्यासही मिळतो. ‘लेखनिक घेतला नाही, मग वेळ कशाला?’ असे म्हणणाऱ्या पर्यवेक्षकांनी हे ध्यानात ठेवावे.

आता लेखनिकाविषयी. येथे गैरसमज फार आहेत, आणि अडचणीही खऱ्या आहेत.

२०१८ च्या सूचनांनुसार अंधत्व, दोन्ही हातांचे अस्थिव्यंग व मेंदूचा पक्षाघात या तीन प्रकारांत लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या उमेदवाराने मागणी केली की लेखनिक द्यावयाचा. इतर प्रकारांत, लिहिण्यास शारीरिक अडचण असल्याचे शासकीय रुग्णालयाच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याचे, सिव्हिल सर्जनचे वा वैद्यकीय अधीक्षकाचे प्रमाणपत्र विहित नमुन्यात द्यावे लागते. ज्यांचे दिव्यांगत्व ४० टक्क्यांहून कमी भरते, त्यांचे काय, हा प्रश्न मात्र बरेच दिवस अधांतरी होता. ‘रायटर्स क्रॅम्प’ या विकारामुळे ज्याच्या हाताला लिहिताना पेटके येत, अशा एका उमेदवाराला २०१८ च्या नागरी सेवा परीक्षेत लेखनिक नाकारण्यात आला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. विकाश कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात ११ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, ४० टक्क्यांची अट ही आरक्षणासारख्या विशिष्ट लाभांसाठी आहे. लेखनिकाच्या सोयीसाठी ती लावता येणार नाही. कायद्याच्या परिभाषेत ज्याला वाजवी तजवीज म्हणतात, ती प्रत्येक दिव्यांग व्यक्तीस तिच्या गरजेप्रमाणे मिळावयास हवी. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी केंद्र शासनाने ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेल्या, परंतु लिहिण्यात अडचण असणाऱ्या उमेदवारांसाठी वेगळ्या सूचना काढल्या. सबब, ‘तुझ्या दाखल्यावर पस्तीसच टक्के आहेत’ एवढ्यावरून विद्यार्थ्याला परत पाठविणे आज कायद्याला धरून होणार नाही.

लेखनिक कोण असावा? २०१८ च्या सूचनांत, उमेदवार स्वतःचा लेखनिक आणीत असेल तर त्याची शैक्षणिक पात्रता उमेदवाराहून एक पायरी खाली असावी, असे म्हटले होते. दहावीच्या परीक्षेस सर्वसाधारणतः नववीचा विद्यार्थी घेतला जातो तो याच धोरणाने. संस्थेने लेखनिक दिला असेल तर परीक्षेच्या दोन दिवस आधी त्याला भेटून पारखून घेण्याची संधी उमेदवारास मिळावी, निकडीच्या प्रसंगी लेखनिक बदलता यावा, आणि निरनिराळ्या पेपरांसाठी, विशेषतः भाषांसाठी, निरनिराळे लेखनिक घेता यावेत, याही गोष्टी तेथे नमूद होत्या. एका विषयास मात्र लेखनिक एकच. या नियमांचा तपशील वेळोवेळी बदललेला आहे व पुढेही बदलेल. तेव्हा गतवर्षीच्या माहितीवर न विसंबता आपल्या मंडळाचे चालू वर्षाचे परिपत्रक मागून घेऊन वाचावे.

भाषांच्या लेखनिकाची ही तरतूद आपल्याकडे फार मोलाची आहे. गोव्यातील पुष्कळ मुले घरी कोकणी बोलतात, चौथीपर्यंत मराठी माध्यमात शिकतात आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यमात जातात. त्याच विद्यार्थ्याला एका दिवशी मराठीचा पेपर द्यावयाचा असतो व दुसऱ्या दिवशी विज्ञानाचा, तोही इंग्रजीतून. दोन्ही लिप्या तितक्याच हुकमतीने लिहिणारा नववीचा मुलगा मिळेलच असे नाही. मिळालाच तर त्याच्या शाळेची वार्षिक परीक्षा त्याच सुमारास असते. शहरात सेवाभावी संस्था असतात, महाविद्यालयातील मुले स्वयंसेवक म्हणून पुढे येतात. सत्तरी, सांगे, काणकोणसारख्या तालुक्यांत पालकांना दारोदार हिंडावे लागते. एका शाळेतील शिक्षिकेने यावर काढलेला तोडगा या लेखकास आवडला. त्या सप्टेंबरमध्येच नववीच्या वर्गात दोन-तीन इच्छुक मुली हेरून ठेवीत आणि आठवड्यातून एक तास त्यांना दहावीच्या अंध विद्यार्थिनीबरोबर बसवीत.

असा सराव नसेल तर लेखनिक मिळूनही न मिळाल्यासारखा होतो. उत्तर तोंडी सांगणे हे स्वतंत्र कसब आहे. स्वल्पविराम, परिच्छेद, शीर्षक हे सर्व सांगावे लागते. गणितात ‘कंस सुरू, क्ष वर्ग अधिक तीन क्ष, कंस पूर्ण, भागिले दोन’ असे म्हटले नाही तर लिहिणारा भागाकार कोणत्या पदास लावील, याचा नेम नाही. लेखनिकालाही काही पथ्ये शिकवावी लागतात : सांगितलेले तेवढेच लिहिणे, प्रश्न जशाच्या तसा व हवा तितक्या वेळा वाचणे, आणि उत्तर चुकते आहे असे वाटले तरी चेहरा न हलविणे. हे शेवटचे पथ्य अंध उमेदवाराच्या बाबतीत सोपे, पण इतरांच्या बाबतीत नववीतल्या मुलास बरेच अवघड जाते! पर्यवेक्षकांनी अशा उमेदवारास स्वतंत्र खोली द्यावी, ती शक्यतो तळमजल्यावर असावी, आणि प्रश्नपत्रिका हाती दिल्याची वेळ अचूक नोंदवावी. बाहेर इतर मुले पेपर देऊन निघाली की त्यांचा गलका होतो. नेमका तोच भरपाईच्या वेळाचा काळ असतो, याचाही विचार व्हावा.

लेखनिकाखेरीज इतर साधनांची परवानगीही सूचनांत आहे. ब्रेल पाटी, मणिफळा, अंधांसाठीची भूमितीची पेटी, जेथे गणकयंत्रास मुभा आहे तेथे बोलके गणकयंत्र, आणि टेलर फ्रेम. ही फ्रेम आपल्या बहुतेक शाळांनी पाहिलेली नसते : अष्टकोनी भोकांची फळी व त्यात बसविण्याचे धातूचे ठोकळे; ठोकळा ज्या दिशेला वळवावा त्याप्रमाणे अंक बदलतो आणि बोटांनी बेरीज-वजाबाकी मांडता येते. प्रश्नपत्रिका मोठ्या अक्षरांत वा ब्रेलमध्ये मिळावी, उत्तरे संगणकावर टंकित करता यावीत, हे पर्यायही शक्य तेथे उपलब्ध करून द्यावयाचे आहेत.

कर्णबधिर विद्यार्थ्यांची अडचण वेगळीच. त्यांचा हात चालतो, डोळे चालतात, म्हणून त्यांना काही अडचणच नाही असे समजले जाते. परंतु ज्या मुलाच्या कानावर घरची भाषा कधी पडलीच नाही, त्याला वाक्यातील विभक्ती आणि क्रियापदांची रूपे डोळ्यांनी शिकावी लागतात. त्यात तीन भाषा! दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट कायद्यात का आली, याचे उत्तर येथे मिळते.

सर्वांत अवघड प्रश्न आहे तो विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा. वाचनातील डिस्लेक्सिया, लेखनातील डिस्ग्राफिया व गणनातील डिस्कॅल्क्युलिया ही तिची ठळक रूपे. महाराष्ट्र शासनाने १९९६ मध्येच शासननिर्णयाने अशा मुलांना सवलती देऊ केल्या, तेव्हा केंद्रीय अधिनियमात त्यांचा उल्लेखही नव्हता. २००७ साली आलेल्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटाने हा शब्द घरोघरी नेला. तरीही ‘आळशी आहे’, ‘लक्ष नाही’, ‘माध्यम बदलल्यामुळे गोंधळला आहे’ ही तीन निदाने आपल्या शाळांतून आजही प्रथम केली जातात. यांतील तिसरे फसवे आहे. देवनागरी लिपी बरीचशी उच्चारानुसारी असल्यामुळे बुद्धिमान मूल चौथीपर्यंत कसेबसे निभावून नेते. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची अदलाबदल, वेलांट्या-उकारांची गळती, जोडाक्षरांपाशी अडखळणे, याकडे हस्ताक्षराचा दोष म्हणून पाहिले जाते. पाचवीत इंग्रजी माध्यम आले, की जेथे लेखन व उच्चार यांचा मेळ नाही तेथे ते एकदम कोसळते. दोष माध्यमाचा वाटतो. अडचण आधीपासूनच होती. शिक्षकांनी अशा मुलाच्या पहिलीपासूनच्या मराठी वह्या काढून पाहाव्यात. तोंडी उत्तरे उत्तम आणि लेखी उत्तरे दरिद्री, अशी तफावत वर्षानुवर्षे दिसत असेल, तर पालकांना विश्वासात घेऊन तपासणीस पाठवावे. निदान मात्र तज्ज्ञांनीच करावयाचे. दाखल्यावर मुदत असते. तीही पाहून ठेवावी, नाहीतर आठवीतला दाखला दहावीत कालबाह्य झाल्याचे फेब्रुवारीत समजते.

येथे पालकांना एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. भरपाईचा वेळ किंवा लेखनिक घेतल्याने परीक्षेचा विषय बदलत नाही. जे इतरांना विचारले तेच या विद्यार्थ्यालाही विचारले जाते. विषयातून सूट घेणे ही गोष्ट निराळी. महाराष्ट्रात बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे गणित व कार्यानुभवाचा विषय घेण्याची सोय दिली गेली, आणि ज्या मुलांना अंकांची ओळखच पटत नाही त्यांची शालेय वाट त्यामुळे मोकळी झाली. परंतु दहावीचे गणित सोडल्यावर विज्ञान शाखा, तंत्रनिकेतन आणि अनेक व्यवसाय-अभ्यासक्रमांचे दरवाजे बंद होऊ शकतात. ज्याची अडचण केवळ लिहिण्याची आहे, गणित समजण्याची नाही, अशा मुलालाही ‘दाखला आहेच, तर सगळ्या सवलती घेऊन टाका’ असा सल्ला दिलेला या लेखकाने ऐकला आहे. तो सल्ला चुकीचा आहे. मुलाला काय जमत नाही आणि काय केवळ वेळेत जमत नाही, हे वेगळे काढून मगच अर्ज भरावा. मुलालाही विचारावे, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला स्वतःची अडचण पुष्कळदा आपल्याहून नेमकी सांगता येते.

हे सर्व करावयाचे कधी? शक्य तर आठवीत, निदान नववीच्या आरंभी. वैद्यकीय मंडळापुढील तारीख, तपासण्या, पुन्हा बोलावणे, यांत महिने जातात, आणि काणकोणच्या टोकाहून रुग्णालयाच्या तीन फेऱ्या म्हणजे मजुरीवर जाणाऱ्या आईबापांचे तीन रोज बुडतात. दिव्यांगत्वाचा दाखला व ओळखपत्र यांचा अर्ज स्वावलंबन या केंद्रीय संकेतस्थळावरून भरता येतो. पंचायतीतील वा शाळेतील कोणी माहीतगाराने तो भरून द्यावा. मुख्याध्यापकांनी नववीतच अशा विद्यार्थ्यांची यादी करावी आणि शाळेच्या घटक चाचण्यांतही त्यांना तोच वेळ व तीच सोय द्यावी. मंडळाच्या परीक्षेत प्रथमच लेखनिकाशेजारी बसणारा मुलगा निम्मा पेपर संकोचातच घालवितो.

वर सांगितलेल्या मुलाने पुढील खेपेस लेखनिक घेऊन परीक्षा दिली. इतिहासात त्याला चांगले गुण मिळाले; त्याचे एक वर्ष मात्र गेले.

आता प्रश्न राहिला ऐनवेळी सोय नाकारली गेल्यास काय करावे याचा. मंजुरीपत्राच्या दोन प्रती जवळ ठेवाव्यात, एक विद्यार्थ्यापाशी व एक केंद्राबाहेर थांबलेल्या पालकापाशी. केंद्रसंचालकांस ते आधल्या दिवशीच दाखवावे. तरीही अडचण आली तर वाद न घालता प्रथम पेपर सुरू करावा, सुरू झाल्याची व काढून घेतल्याची वेळ टिपून घ्यावी, आणि त्याच दिवशी केंद्रसंचालकांकडे व मंडळाकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. तेथे दाद न लागल्यास दिव्यांग व्यक्तींसाठीच्या राज्य आयुक्तांकडे तक्रार करता येते; त्यासाठी वकील लागत नाही, साध्या कागदावरील अर्ज चालतो. अर्जात मंजुरीपत्राचा क्रमांक, विषय, दिनांक व बुडालेली मिनिटे एवढे स्पष्ट लिहावे.